दयाळाचा डबा

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसांबद्दल माझं मत अतिशय वाईट आहे. हे ऐकीव नाही, चार वर्षं मी त्यांच्यातलाच एक होतो. आमच्या परसात भिंतीला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात दयाळाची चार पिल्लं होती, आणि त्यांचं काय झालं ते मला सांगायचं आहे. पण त्या डब्यापर्यंत जायचं तर आधी या माणसांच्या गर्दीतून वाट काढावी लागेल, त्याला इलाज नाही.

मी चाकणजवळच्या निघोजेत राहतो. बायको इथलीच, मी बीडकडचा. कंपन्या आल्या तेव्हा सासऱ्यांची जमीन गेली, घर राहिलं, आणि घरामागं तीन गुंठ्यांचं परस राहिलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापल्या परसात कामगारांसाठी खोल्या बांधल्या. आमच्याकडं बायकोनं बांधू दिल्या नाहीत. तिथं एक पेरू, एक शेवगा, कुंपणाला जास्वंद आणि कडीपत्ता, आणि बाकी सगळं सासऱ्यांच्या काळापासूनचं भंगार. गंजकं पिंप, सायकलचं चाक, तुटकं कोळपं, पत्र्याचे तुकडे. तीस वर्षं या गावात काढली तरी गाव मला अजून 'पाव्हणं' म्हणतं. त्या परसातही मी पाहुणाच होतो, हे मला फार उशिरा कळलं.

नोकरी एकाच कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. लोकांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, यापेक्षा माझ्या स्वभावाला मानवणारं काम जगात दुसरं नसेल. कागदावरचा एक रकाना कोरा दिसला की मी अख्खी ट्रॉली परत पाठवत असे. "लिहिलेलं वाचल्याशिवाय मी माल सोडत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात तिथं, तर म्हणायचोच, पण घरी जेवतानाही ऐकवायचो. बायको म्हणायची, "व्हय व्हय. जेवा आता, गार हुतंय."

रिटायर झालो आणि कॅमेरा घेतला. माणसाला रिकामपण आलं की त्यानं देवळात जावं, नाहीतर पारावर बसून राजकारण बोलावं. कॅमेरा घेऊ नये. पण मला सुचलं ते असं की आपल्या परसात पक्षी येतातच, त्यांचे फोटो काढू. ते यायचे बायकोमुळं. साडेसहाच्या कंपनीच्या बसा रस्त्यानं गेल्या की ती मागचं दार उघडायची आणि तांदळाची कणी, बाजरी, शिळ्या भाकरीचा चुरा, हाताला येईल ते पसरायची. चिमण्या, साळुंक्या, होले, बुलबुल, सगळे त्या बसच्या आवाजावर यायचे. कोण आलं, किती आले, हे ती कधी बोलायची नाही. टाकायची आणि आत जाऊन चहा ठेवायची. मला ते फार अडाणीपणाचं वाटायचं.

कॅमेरा आला तसा ग्रुपही आला. मोबाइलवरचा, पक्षीप्रेमींचा. ॲडमिनचं थेरगावात, डांगे चौकाजवळ टाइल्सचं दुकान. त्याला सगळे 'सर' म्हणायचे, का ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची लेन्स एवढी लांब होती की ती धरायला त्यानं एक तिकाटणं बाळगलं होतं आणि ते तिकाटणं उचलायला मेहुणा. बाकीच्यांत एक आयटीवाला, एक दातांचा डॉक्टर, दोन बिल्डरांची भाचरं, आणि मी. रविवारी पहाटे सगळे पानाफुलांच्या छापाचे मिलिटरी कपडे घालून निघायचे. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून ते कपडे, आणि वर मोबाइलच्या स्पीकरवर पक्ष्याचाच आवाज ठणाणा लावायचा. बिचारा नर आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला म्हणून भांडायला धावत यायचा, की इकडं कटकट कटकट शटर. "काय रिस्पॉन्स देतोय राव!" ॲडमिन म्हणायचा. अरे रिस्पॉन्स कसला? तो शिव्या देत होता तुला.

आणि खायला घालण्याची तऱ्हा विचारूच नका. आयटीवाल्यानं पॅकेटातल्या वाळक्या अळ्या ऑनलाइन मागवल्या होत्या, आणि त्या अळ्यांच्या खाली फांदी, फांदीच्या मागं हिरवा पडदा. म्हणजे जंगल घरूनच आणायचं, फक्त पक्षी तेवढा तिथला. डॉक्टर साळुंक्यांना फरसाण टाकायचे, वर म्हणायचे, "आवडीनं खातात हो." आवडीनं तर मीही खातो, म्हणून तर मला त्यांच्याकडं दाढ काढायला जावं लागलं. उन्हाळ्यात आमच्याकडच्या एका होऊ घातलेल्या नगरसेवकानं घरोघरी मातीची भांडी वाटली, चिमण्यांना पाणी ठेवायला. भांड्यावर चिमणी इवलीशी आणि भाऊंचा फोटो ताटाएवढा. चिमण्यांना मतदान नाही म्हणून बरं, नाहीतर निवडूनच आले असते. त्या भांड्याचाही फोटो ग्रुपवर पडला आणि त्याला अंगठे मिळाले.

हे सगळं मला तेव्हाच दिसत होतं. दिसत होतं आणि तरी मी जात होतो, कारण मला त्यांची शाबासकी पाहिजे होती. तीस वर्षं मी लोकांना पास-नापास केलं, आता मला कुणीतरी पास करावं अशी हाव सुटली होती. आणि ॲडमिन काही करत नव्हता. माझ्या प्रत्येक फोटोखाली त्याचं एकच, "छान, पण बॅकग्राउंड क्लीन पाहिजे." बुलबुलामागं गंजकं पिंप. साळुंकीमागं सायकलचं चाक. होल्यामागं वाळत घातलेला बायकोचा परकर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण माझं अंगण खरंच वाकडं होतं, त्यामुळे मला नाचता येत नाही हे चार वर्षं झाकून गेलं.

एका फाल्गुनात जास्वंदीत बुलबुलानं घरटं केलं. तीन अंडी होती. मी मूर्खासारखा ती बातमी ग्रुपवर टाकली. रविवारी सहा जण दारात हजर. बायकोनं त्यांना पोहे केले. पोहे खाऊन ॲडमिननं घरटं पाहिलं आणि मेहुण्याला कात्री मागितली. समोरच्या दोन फांद्या आणि वरची थोडी पानं काढली की अंडी मोकळी दिसतील म्हणाला. बायको म्हणाली, "आवो, पानं कशाला? त्यानं झाकायसाठीच ठेवल्याती ती." मी तिला म्हणालो, "तू आत जा, तुला यातलं काही कळत नाही." सहा जणांसमोर म्हणालो. पानं कापली, फोटो झाले, मंडळी गेली. दुपारी कावळा आला. घरटं उघडंच होतं, त्याला शोधायचेही कष्ट पडले नाहीत. संध्याकाळी बायकोनं मला रिकामं घरटं दाखवलं, तर मी तिला काय सांगावं? "निसर्गाचा नियम आहे." वा रे निसर्ग! कात्री घेऊन थेरगावहून आला होता.

त्या दिवसानंतर बायकोनं मला परसातलं काही सांगायचं बंद केलं. आणि चैत्रात, मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या कटिंग ऑइलच्या जुन्या डब्यात दयाळाची जोडी शिरली, ती तिनं माझ्यापासून लपवून ठेवली. त्या डब्यात एके काळी सासरे खिळे-चुका ठेवायचे. नर काळा-पांढरा, शेपूट वर करून पहाटेच गायला लागायचा. गाणं मीही ऐकायचो, पण माझी लेन्स दुसरीकडं, पेरूखाली पाखरांना बसायला मी केलेल्या खास स्टँडकडं लागलेली. हिनं डब्यासमोर दोरी बांधून जुनं लुगडं वाळत घातलं ते काढलंच नाही. मला वाटलं, आळस. मी तिला दोनदा बोललो त्यावरून. ती "काढते" म्हणाली आणि काढलं नाही.

मग मी ठरवलं की बॅकग्राउंडच क्लीन करायचं, एकदाचं. आणि ते कसं करायचं हे मला माहीत होतं, कारण कंपनीत आम्ही दरवर्षी तेच करायचो. फाईव्ह-एस म्हणतात त्याला, जपानी पद्धत आहे, चाकणच्या पट्ट्यात रोजावरच्या माणसालाही पाठ असते. पहिली पायरी लाल चिठ्ठी. शॉपवर फिरायचं, जी वस्तू बिनकामाची दिसेल तिला लाल चिठ्ठी बांधायची. मग सात दिवस थांबायचं. त्या वस्तूचं कुणाला काम असेल तर त्यानं चिठ्ठीवरचे रकाने भरायचे आणि सही करायची: वस्तू, संख्या, ठेवण्याचं कारण, कधीपर्यंत, शेरा. सातव्या दिवशी तपासणाऱ्यानं एकेक चिठ्ठी वाचायची, खाली स्वतःची सही करायची, आणि ज्या कोऱ्या राहतील तेवढ्याच वस्तू भंगारात. चांगली पद्धत आहे. वस्तू कुणाची, काम कुणाचं, हे विचारल्याशिवाय काही फेकायचं नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. रिटायर होताना मी त्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घरी आणला होता. का आणला होता, देव जाणे.

एका सकाळी मी परसभर चिठ्ठ्या बांधल्या. पिंपाला, चाकाला, कोळप्याला, पत्र्यांना. लुगडं बाजूला सारलं आणि डब्याच्या कडीलाही एक बांधली, बाइंडिंग वायरनं, चांगले दोन पीळ देऊन. चिठ्ठी बांधताना वस्तू आतून-बाहेरून बघायची असा नियम आहे. मी बघितलं नाही. मादी तेव्हा आत अंड्यांवर बसलेली असणार, चिडीचूप. बायको दारात उभी राहून बघत होती. मी तिला सगळी पद्धत समजावली, लहान मुलाला समजवावं तशी, आणि शेवटी म्हणालो, "तुला काही ठेवायचं असेल तर लिही. लिहिता येतं ना?" ती सातवी शिकली आहे. तिनं विचारलं, "लिहिलं म्हंजी तुमी वाचणार का?" मी हसलो. म्हणालो, "लिहिलेलं वाचल्याशिवाय मी माल सोडतो का कधी?"

तिनं काय केलं असेल ते आज मला नीट दिसतं. सांगावं तर हा माणूस सहा जणांना घेऊन येईल. न सांगावं तर डबा भंगारात जाईल. दुसऱ्याच दिवशी अंडी फुटून पिल्लं आली, आणि पाच-सहा दिवस ती त्या विचारात असणार. माझ्या पेनांमधलं एक पेन दोन दिवस जागेवर नव्हतं, त्यावरून मी कटकट केली होती.

सातव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिला राजगुरुनगरला बहिणीकडं जायचं होतं. बहिणीच्या नातीचं बारसं. जाताना ती चप्पल घालून पुन्हा मागं वळली. "चिठ्ठ्या बगाल ना?" म्हणाली. "बघीन गं, जा." "समद्या बगा." मी म्हणालो, "अगं बाई, तीस वर्षं काय हजामत करत होतो का मी?"

सातव्या दिवशी रविवार होता आणि ग्रुप धरणाच्या बॅकवॉटरला जाणार होता. ॲडमिननं मला स्वतः फोन केला, पहिल्यांदाच. मी पहाटे निघून गेलो. चिठ्ठ्या आल्यावर वाचू म्हटलं. खरं सांगायचं तर वाचायच्या काय, हाच विचार होता. ती काय लिहिणार? 'वडिलांची आठवण' असं काहीतरी चाकावर लिहील आणि मला उगीच गंजकं चाक ठेवावं लागेल. न वाचलेलंच बरं.

नऊच्या सुमाराला भंगारवाल्याचा फोन आला. मीच त्याला त्या दिवशी यायला सांगून ठेवलं होतं. तो टेम्पो घेऊन दारात उभा. "पाव्हणं, कुठलं कुठलं उचलू?"

"लाल चिठ्ठी दिसेल ते सगळं."

"एक-दोन चिठ्ठ्यांवर काय काय लिवलंय. वाचू का?"

माझ्या शेजारी ॲडमिन बसला होता, समोर पाण्यात चमचे पक्षी चरत होते. मी दबक्या आवाजात म्हणालो, "तू कशाला वाचतोस? मी वाचलंय सगळं. उचल."

दुपारी घरी आलो. परस बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लख्ख. मागची भिंत रिकामी, एकसारखी, उन्हात राखाडी. लुगडंही मी काढून घडी घालून ठेवलं. पेरूखाली माझ्या स्टँडवर वाळकी फांदी, मागं काही नाही. कॅमेरा लावून दारात बसलो, आणि पाच मिनिटांत दयाळाची मादी येऊन फांदीवर बसली. चोचीत हिरवी अळी.

चार वर्षांत असा पक्षी मला मिळाला नव्हता. ती हलेना. अळी गिळेना. पाखरं क्षणभर टेकतात आणि उडतात, ही बसूनच. मान इकडं, मान तिकडं. मधेच उडून भिंतीपाशी जायची, त्या रिकाम्या खिळ्यासमोर पंख फडफडवायची, परत फांदीवर. पुन्हा खिळ्यापाशी, पुन्हा फांदीवर. चोच न उघडता घशातून चर्र चर्र आवाज काढत होती. नरही आला, तोही तसाच. मला वाटलं, काय नशीब आहे! मी तिथंच बसून ऊन उतरेपर्यंत फोटो काढले, कार्ड भरलं, दुसरं घातलं. अळी आणून अळी आणून दाखवणाऱ्या त्या आईला मी म्हणत होतो, "वा बाई, वा. थोडी इकडं बघ." माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. कुणी ऐकले नाहीत एवढंच.

त्यातला सगळ्यात चांगला ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या अंगणातली आई'. अर्ध्या तासात अंगठे, टाळ्या, फुलं. "काय शॉट आहे काका!" "डोळ्यातला भाव बघा राव." आणि ॲडमिन: "याला म्हणतात क्लीन बॅकग्राउंड." झालं, मी पास झालो. मी ग्रुप सोडून आता बरेच दिवस झाले, पण तो फोटो अजून त्यांचा डीपी आहे. त्यांना मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी रडके चेहरे टाकले असते आणि दुसऱ्या दिवशी सुप्रभात.

बायको संध्याकाळच्या बसनं आली. हातातली पिशवी ओट्यावर ठेवली आणि चप्पल पायात तशीच, सरळ मागं गेली. मी फोन पुढं करून तिच्या मागोमाग. "हे बघ, काय फोटो आलाय—"

ती भिंतीसमोर उभी होती. "डबा कुठाय?"

"कुठला डबा?"

"हितला. खिळ्याचा."

"गेला भंगारात. सगळंच गेलं. बघ किती मोकळं झालं."

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "चिठ्ठी वाचली न्हाई तुमी?"

आता, मला काही माहीत नव्हतं. डब्यात काय होतं, चिठ्ठीवर काय होतं, काहीच नाही. पण 'वाचली नाही' हे शब्द माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलेच नव्हते, ते वळेनात जिभेवर. मी म्हणालो, "वाचली की."

"वाचली?"

"वाचली म्हणजे काय! भंगार ते भंगार."

ती पायरीवर बसली. तेवढ्यात मादी पुन्हा आली, चोचीत अळी, आणि त्या खिळ्यासमोर फडफडली. बायको तिच्याकडं बघत म्हणाली, "चार होती तिला. परवा डोळं उघडलं हुतं."

माझ्या हातात फोन होता, त्यावर तीच मादी होती, आणि खाली अंगठे वाढत होते.

मी स्कूटर काढली. भंगारवाल्याचं गोडाऊन चाकणच्या रस्त्याला आहे, पत्र्याच्या कुंपणात. रस्त्यावर कंटेनरच्या रांगा, त्यांच्यामधून मी कसा गेलो मला आठवत नाही. तो बिचारा चहा पीत होता. डबा म्हटल्यावर त्यानं ढिगावरून काढूनही दिला. रिकामा. "आत गवत हुतं पाव्हणं, झटकून टाकलं." कुठं? त्यानं कुंपणाकडं हात केला. तिथं त्याची दोन कुत्री बसली होती. मी कुंपणाच्या कडेनं सगळं हुडकलं, हातानं. थोडं वाळकं गवत, कापूस, आणि आमच्या घरच्या केरसुणीची चार हिरं सापडली. बाकी काही नाही. तो मागून म्हणत होता, "पर तुमीच म्हणला ना, वाचलंय समदं म्हणून?"

चिठ्ठी डब्याच्या कडीला तशीच होती. माझे दोन पीळ पक्के. तिथंच उभा राहून वाचली. निळ्या पेनानं, माझ्याच, एकेक अक्षर सुटं सुटं काढलेलं. एकही रकाना कोरा नव्हता.

वस्तू: डबा. संख्या: ४ पिल्ले. ठेवण्याचे कारण: दयाळाचे घरटे हाय. कधीपर्यंत: उडून जाईपर्यंत. शेरा: गुरुपला सांगू नये. त्याखाली तिची सही, पूर्ण नाव, माझ्या नावासकट. आणि सगळ्यात खाली, तपासणाऱ्याची सही, तिथं काही नव्हतं.

तीस वर्षांत इतकी बिनचूक भरलेली चिठ्ठी मला कुठल्या सुपरवायझरनं दिली नाही. वर्षानुवर्षं मी इंजिनिअर झालेल्यांना 'कधीपर्यंत'च्या रकान्यावरून फाडून खाल्लं होतं.

घरी आलो तेव्हा ती अजून पायरीवरच होती. बारशाची साडीही बदलली नव्हती. मी चिठ्ठीसकट डबा तिच्या शेजारी ठेवला. म्हणालो, "मी खोटं बोललो. वाचली नव्हती."

"ठाव हाय मला."

"कसं?"

"वाचली असती तर डबा ऱ्हायला असता," ती म्हणाली, "अन् त्याच्यापुढं तुमची सा माणसं बसली असती, कात्री घिऊन. म्या पोहं भिजवत असते आत्ता."

मला राग आला. आपण उघडे पडलो की माझ्यासारख्याला आधी रागच येतो. मी म्हणालो, "माझ्यावर एवढा अविश्वास होता, तर मग लिहिलंस कशाला?"

तिनं डबा जवळ ओढला, वायरचे पीळ सोडवले, आणि चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

"तीस वर्सं ऐकत आले तुमच्याकडनं," ती म्हणाली, "लिवलेलं वाचल्याबिगर सोडत न्हाई म्हणून. म्या म्हणलं, ह्या माणसाचं येवढं तरी खरं आसंल."